मातीचा कान

कंडक्टरबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता. उभा जन्म भरल्या बसमध्ये "पुढे सरका, पुढे सरका" म्हणण्यात गेलेला. घरात त्यांनी साधं मीठ मागितलं तरी शेजारची माणसं डबा घेऊन दारात उभी राहतील, असं त्यांचा मुलगा म्हणायचा.

उद्यानाच्या मागच्या भिंतीलगत पूर्वी नुसता उकिरडा होता. मोडकी बाकं, गंजलेला झोपाळा, लोकांनी रातोरात आणून टाकलेल्या गाद्या. घरात बसून करमेना म्हणून बाईंनी तिथे एकटीनं कुदळ चालवली. लोक हसले. मग निवृत्त पोस्टमन आपलं फावडं घेऊन आले, मग इस्त्रीवाल्याची बायको आली, आणि बघता बघता उकिरड्याचे वाफे झाले. टोमॅटो, घेवडा, पालक, मुळा. नगरपालिकेनं एक नळ दिला आणि अवजारं ठेवायला कोपऱ्यातली जुनी पंपाची खोली दिली. कुणी कुठला वाफा घ्यायचा, पाणी कुणी कधी सोडायचं, हे सगळं बाई ठरवायच्या, आणि त्यांच्या आवाजापुढे वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी त्यांच्या घरी विहीणबाई राहायला आल्या. सुनेची आई. नवरा गेल्यावर त्या आपल्या गावी एकट्याच होत्या. सून म्हणाली, "आई, मी तिला घेऊन येऊ का इकडे?" कंडक्टरबाई म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात? घेऊन ये." मनापासून म्हणाल्या. पण माणूस चार दिवस पाहुणं असणं वेगळं आणि बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर त्याची उशी कायमची येणं वेगळं.

विहीणबाई गोऱ्या, किरकोळ अंगाच्या, फार कमी बोलणाऱ्या. दिवसभर खिडकीशी बसून राहायच्या. सून दोघींनाही 'आई'च म्हणायची. तिनं स्वयंपाकघरातून "आई!" म्हणून हाक मारली की उठायच्या नेहमी कंडक्टरबाईच. विहीणबाई मान किंचित कलती ठेवून खिडकीबाहेर बघत बसलेल्या.

"लेक तुमची, हाक तिची, आणि पाय मात्र माझे झिजतात," कंडक्टरबाई त्यांच्यामागून जाता जाता पुटपुटायच्या. विहीणबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. मग तर बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. उलटून बोललं असतं तर बरं. हे मख्ख राहणं म्हणजे माणसाला मोजतच नसल्यासारखं.

एक दिवस सून म्हणाली, "आई, तुम्ही बागेत जाता तेव्हा तिलाही घेऊन जात जा ना. घरात बसून बसून ती वाळत चाललीय."

झालं, तेव्हापासून विहीणबाई बागेत. कंडक्टरबाईंनी आधी त्यांच्या हातात खुरपं दिलं. त्यांनी तणाबरोबर पालकही उपटून काढला. मग झारी दिली. त्यांनी एकाच रोपाला इतकं पाणी घातलं की ते आडवं झालं. शेवटी बाईंनी एक पालथी बादली दाखवली आणि म्हणाल्या, "बसा." विहीणबाई बसल्या, ते संध्याकाळी चहाचा थर्मास उघडेपर्यंत.

"महाराणी बसल्या सिंहासनावर," बाई वाफ्यात वाकल्या वाकल्या म्हणायच्या. पोस्टमन खाली मान घालून हसायचे. विहीणबाई मान कलती करून कुठेतरी बघत असायच्या.

अशात नगरपालिकेनं ठरवलं की उद्यानाच्या दर्शनी फाटकाशी एक पुतळा बसवायचा. कुणा मोठ्या माणसाचा नाही, तर या वाफ्यांवर राबणाऱ्या माणसांपैकीच एकाचा. त्यासाठी बाहेरगावाहून एक शिल्पकार बाई येणार होती. बातमी ऐकून सगळे खूश झाले. पण लगेच दुसरी बातमी आली, की शिल्पकार बाईंना काम करायला पंपाची खोली द्यायची आहे.

"आणि आमची अवजारं काय डोक्यावर घ्यायची?" कंडक्टरबाईंचा आवाज उद्यान खात्याच्या साहेबांच्या कचेरीतून खाली रस्त्यापर्यंत आला. साहेबांनी पंखा वाढवला, पाणी मागवलं, पण खोलीचा हुकूम काही बदलला नाही.

शिल्पकार बाई आली ती टेम्पोत बसूनच, मातीच्या पोत्यांबरोबर. चाळिशीची, केस आखूड कापलेले, पँटच्या गुडघ्यांवर वाळलेले डाग. तिनं खोलीत पोती उतरवायच्या आधी खोलीच्या बाहेर भिंतीला पत्र्याची पडवी ठोकली, खाली लाकडी खुंट्या मारल्या आणि एकेक कुदळ, फावडं, पंजा नीट टांगून ठेवला. कंडक्टरबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"पावसात गंजतील," त्या म्हणाल्या.

"गंजली तर मी घासून देईन," ती म्हणाली. "मावशी, हा पंजा कुणाचा? याचा दांडा सैल झालाय."

पंजा बाईंचाच होता. त्यांचा राग तिथेच अर्धा उतरला.

पुढचे काही दिवस ती नुसतीच वाफ्यांमधून हिंडत होती. एका फळीवर कागद लावलेला, हातात पेन्सिल. वाकलेली पोस्टमनची पाठ, इस्त्रीवाल्याच्या बायकोचे हात, काय काय काढायची. पण पुतळा कुणाचा होणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. ज्या बाईनं उकिरड्याची बाग केली तिचाच होणार, दुसऱ्या कुणाचा? कंडक्टरबाई तसं बोलून दाखवत नव्हत्या. पण त्या दिवसांत त्या चांगली इस्त्रीची साडी नेसून चिखलात उतरायच्या आणि फावडं मारताना मध्येच थांबून, दांड्यावर हात टेकून, लांब कुठेतरी नजर लावायच्या.

"कंबर धरली का हो?" पोस्टमननं एकदा काळजीनं विचारलंही.

आणि मग एका दुपारी शिल्पकार बाई सरळ चालत आली, बाईंच्या वाफ्याला वळसा घालून पुढे गेली आणि पालथ्या बादलीसमोर उकिडवी बसली. "आजी," ती विहीणबाईंना म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी बसाल का? रोज थोडा वेळ. मला तुमचा चेहरा हवाय."

विहीणबाई आधी बावरल्या. "माझा?" म्हणाल्या. मग कंडक्टरबाईंकडे बघितलं.

कंडक्टरबाईंना काय वाटलं ते सांगून समजायचं नाही. वर्ष वर्ष रांगेत उभं राहावं आणि खिडकीशी पोचल्यावर मागून कुणीतरी हात घालून तिकीट न्यावं, तसं झालं. पण चारचौघांत त्या हसल्या. "बसा की," मोठ्यानं म्हणाल्या. "बसायचंच तर काम आहे." आणि वळून, फावडं मातीत घालत खालच्या आवाजात म्हणाल्या, "काडीचं काम न करता पुतळा! नशीब लागतं."

विहीणबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. निदान बाईंना तसं वाटलं.

विहीणबाई रोज पंपाच्या खोलीत जाऊन बसू लागल्या. आत काय चालतं ते बघायला बाकी सगळे डोकावून आले. कंडक्टरबाई तेवढ्या गेल्या नाहीत. घरी सून कौतुकानं विचारायची, "कसा होतोय गं आई?" विहीणबाई म्हणायच्या, "मातीचाच आहे अजून." आणि कंडक्टरबाई आपल्या खोलीचं दार ओढून घ्यायच्या.

चेहरा आणि खांदे पुरे होत आले, तोच शिल्पकार बाईला अचानक निरोप आला. तिचं दुसरं एक काम एका कारखान्यात धातूत ओतायला गेलं होतं, ते बिघडलं होतं. तिला आठवडाभर जाणं भाग होतं. जाण्याआधी ती किल्ली घेऊन कंडक्टरबाईंकडे आली.

"मावशी, एक गळ घालते. ही माती ओलीच राहायला हवी. सकाळ-संध्याकाळ ओली फडकी काढायची, फवाऱ्यानं हलकं पाणी मारायचं, फडकी पुन्हा भिजवून गुंडाळायची. या उन्हात एक वेळ जरी चुकली तरी माती तडकते. पोस्टमनकाका विसरतील. तुमच्यावर सोडते."

"विहीणबाईंना सांग ना. त्यांचंच तोंड आहे."

"त्या झारीनं आडवा करतील माझा पुतळा," ती हसून म्हणाली. कंडक्टरबाईंनाही हसू आवरलं नाही आणि त्या नादात किल्ली हातात आली.

पहिल्या दिवशी त्यांनी फडकी काढली तेव्हा त्या एक पाऊल मागेच सरल्या. आत विहीणबाईच बसल्या होत्या. तीच कलती मान, तोच बारीक नाकाचा शेंडा, गालाखालचा तो खळगा. डोळे अर्धे मिटलेले, जणू काहीतरी कानावर पडतंय की नाही याचा अदमास घेताहेत. कंडक्टरबाई फवारा धरून उभ्याच राहिल्या. मग पाणी मारत म्हणाल्या, "आता इथेही तुमची सेवा! घरी चहा, इथे पाणी."

मग ते रोजचंच झालं. मातीचं तोंड समोर असलं की बाईंच्या जिभेला जास्तच धार यायची. "डबे का हलवलेत माझे? साखरेच्या जागी पोहे ठेवलेत, पोह्यांच्या जागी साबण." "बोलला असतात दोन शब्द तर काय झिजला असतात?" असं ओरडून झालं की त्या चेहऱ्यावरचं फडकं मात्र नीट, घडी न पडता बसवायच्या. काम म्हटलं की ते नेटकं व्हायचं, मग मनात काही का असेना.

आणि त्याच आठवड्यात घरी ती गोष्ट निघाली. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवताना मुलगा ताटातल्या रेघोट्यांकडे बघत म्हणाला, "आई, एक सांगायचं होतं." सुनेला दिवस गेले होते. कंडक्टरबाईंचा चेहरा उजळला. पण मुलगा पुढेही बोलला. बाळ आल्यावर बाहेरच्या खोलीत पाहुण्यांची वर्दळ राहील, पाळणा, दुपटी... तर दोन्ही आयांनी आतली खोली मिळून वापरली तर?

आतली खोली म्हणजे कंडक्टरबाईंची. आयुष्यभर त्या गर्दीत उभ्या राहिल्या होत्या. दार लावलं की दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकू येत नाही अशी ती एवढीच जागा त्यांना मिळाली होती, तीही उतारवयात.

"मला विचारताय की सांगताय?" त्या म्हणाल्या.

सून रडवेली. विहीणबाई मान कलती करून शांतपणे भात कालवत होत्या, जसं काही हे बोलणं दुसऱ्याच घरात चाललंय.

त्या संध्याकाळी कंडक्टरबाई बागेत गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. अंग दुखतंय म्हणाल्या. पडल्या पडल्या त्यांना फवारा दिसत होता, फडकी दिसत होती, आणि पंपाच्या खोलीवर चढत जाणारं ऊन. 'जळू दे,' त्या मनाशी म्हणाल्या आणि कूस बदलली. मग पुन्हा बदलली. दुपार व्हायच्या आधी त्या उठल्या, चप्पल घातली आणि भर उन्हात जवळजवळ धावत निघाल्या.

खोली तापून भट्टी झाली होती. फडकी कडक वाळलेली. त्यांनी ओढली, तशी फडक्याबरोबर काहीतरी सुटून पायाशी पडलं. डावा कान. अख्खा कान निघून आला होता आणि जमिनीवर त्याचा भुगा झाला होता. कानाच्या जागेपासून जबड्यापर्यंत एक भेग गेलेली.

कंडक्टरबाई खाली बसल्या. हातात तो भुगा घेतला. शिल्पकार बाईला काय सांगायचं हा विचार नंतर आला. आधी आलं ते भलतंच. त्यांना वाटलं, आपण एका बाईच्या मुस्काटात मारली आणि ती काही न बोलता तशीच बघत राहिली.

भेग तर ओल्या मातीनं बुजवता आली असती. एवढे दिवस माती भिजवून त्यांना तेवढं कळत होतं. पण कान? कान कसा असतो? त्यांनी आपला कान चाचपून बघितला. आयुष्यभर डोक्याला चिकटलेला अवयव, पण कुठे वळतो आणि कुठे संपतो, काही म्हणजे काही सांगता येईना. शेवटी त्या घरी गेल्या. विहीणबाई खिडकीशी होत्या. त्यांच्यापुढे उभं राहून बाई म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. तुमचा कान हवाय."

वाटेत त्यांनी सगळं सांगून टाकलं. मी रागावले, पाणी मारलं नाही, कान पडला. विहीणबाई त्यांच्या तोंडाकडे बघत चालत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या.

पंपाच्या खोलीत विहीणबाई स्टुलावर बसल्या. कंडक्टरबाईंनी हात भिजवले, पोत्यातली माती मळली, एक गोळा पुतळ्याला चिकटवला, आणि विहीणबाईंच्या डाव्या अंगाला, थोडं मागे सरून, कानाकडे निरखून बघू लागल्या. पातळ, पानासारखा कान. पाळीचं भोक लांबलेलं, कधीकाळी जड काहीतरी घातल्यासारखं.

"मान थोडी इकडे करा," त्या म्हणाल्या.

विहीणबाई हलल्या नाहीत.

"विहीणबाई, मान. इकडे."

काही नाही. कंडक्टरबाईंच्या तोंडात पुढचा टोमणा आलाही होता. पण नेमक्या तेव्हा त्या वीतभर अंतरावरून त्या कानाकडेच बघत होत्या. त्यांच्या मनात एकदम काहीतरी चमकलं. त्यांनी आवाज खाली घेतला आणि सावकाश म्हटलं, "विहीणबाई, तुमच्या पदराला आग लागलीय."

विहीणबाई समोरच्या भिंतीवरची पाल बघत निवांत बसल्या होत्या.

कंडक्टरबाई उठल्या, वळसा घालून समोर आल्या. "तुम्हाला या कानानं ऐकू येत नाही."

विहीणबाईंचा चेहरा एकदम पडला. चोरी पकडल्यासारख्या त्या पदर पुढे ओढू लागल्या. "येतं... थोडं थोडं येतं."

"काही येत नाही. आत्ता मी तुम्हाला पेटवलं तरी तुम्ही बसून होतात."

मग विहीणबाई हळूहळू बोलल्या. डावा कान कधीच गेला होता, नवऱ्याच्या आजारपणाच्या आधीपासून. उजवाही आता अर्धाच राहिला होता. लेक भरभर बोलते, जावई तोंडातल्या तोंडात बोलतो. निम्मं कळतं, निम्मं चेहऱ्यावरून ओळखायचं. "तिला सांगू नका," त्या म्हणाल्या. "एकदा आईचा कान गेला म्हटलं की मग दुसरं काय गेलं ते शोधत बसतील. मी ओझं व्हायला नाही आले इथे."

"आणि काल दुपारी? जेवताना? खोलीचं बोलणं?"

"कुठल्या खोलीचं?"

"आणि मी... मी इतके दिवस तुम्हाला मागून जे बोलत आले ते?"

"काय बोलत होतात?"

"काय म्हणजे! टोमणे मारत होते मी. महाराणी म्हटलं. आयतं बसून खातात म्हटलं. काय काय म्हटलं!"

"कधी?" विहीणबाईंनी खरोखरच्या कुतूहलानं विचारलं.

कंडक्टरबाईंना काय करावं कळेना. एवढी मेहनत, एवढे निवडून काढलेले शब्द, सगळे हवेत गेले होते. त्यांना आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग असं हसू फुटलं की त्या मातीच्या पोत्यावर टेकल्या. विहीणबाईंना कळेना काय झालं, पण हसणाऱ्या माणसाकडे बघून त्याही हसू लागल्या.

"तुमचं मला सगळ्यांत नीट कळतं," थोड्या वेळानं विहीणबाई म्हणाल्या. "समोरून बोललात की शब्दन् शब्द. म्हणून तर बागेत यायला बरं वाटायचं. घरात नुसती गुणगुण असते."

कंडक्टरबाईंनी डोळे पुसले, तर गालाला माती लागली. आपल्या आवाजाला नावं ठेवणारी माणसं त्यांनी शेकड्यांनी बघितली होती. तो कुणाला हवासा वाटतो हे ऐकायची त्यांची पहिलीच वेळ होती. त्या पुन्हा कानाच्या कामाला लागल्या. शेवटी जे जमलं ते जमलं. भेग बुजवली. फडकी दोघींनी मिळून गुंडाळली, आणि घरी जाताना कंडक्टरबाई न ठरवता विहीणबाईंच्या उजव्या बाजूनं चालू लागल्या.

शिल्पकार बाई परतली आणि तिनं फडकं उचललं.

"हे काय आहे?"

"उन्हानं तडकला," विहीणबाई घाईनं म्हणाल्या. "फार ऊन होतं ना."

कंडक्टरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. सुटका आयती पुढे आली होती. "ऊन नाही," त्या म्हणाल्या. "मी दोन वेळा पाणी मारलं नाही. मुद्दाम. रागात होते. मग हा कान मीच केला."

शिल्पकार बाईचा चेहरा कठोर झाला. तिनं तो कान बोटानं दाबून बघितला. "हा कान नाही, हा शिंपला आहे," ती म्हणाली आणि एका तारेनं तो सरळ कापून काढला. कंडक्टरबाईंना बोलणं मान्य होतं, पण शिंपला म्हटलेलं थोडं लागलं. तिनं त्यांच्याशी दिवसभर शब्द काढला नाही. अवजारं मात्र संध्याकाळी तिनं नेहमीसारखी पुसून टांगली.

कान पुन्हा करताना तिनं विहीणबाईंना जवळ बसवलं, आणि तेव्हा विहीणबाई आपण होऊन म्हणाल्या, "तो कान ऐकत नाही हो माझा. म्हणून मान अशी वाकडी राहते. पुतळ्यात सरळ केली तरी चालेल."

शिल्पकार बाईचे हात थांबले. "आणि मला वाटत होतं, तुम्ही काहीतरी फार लांबचं ऐकताय."

"नाही गं बाई. जवळचंच ऐकायला बघते."

तिनं मान सरळ केली नाही. तशीच ठेवली.

सुनेला सांगायचं की नाही यावर दोघी विहिणींची बरीच हुज्जत झाली, म्हणजे कंडक्टरबाई समोर बसून बोलायच्या आणि विहीणबाई मान हलवून नाही म्हणायच्या. "उद्या बाळ रडेल आणि तुम्हाला ऐकू येणार नाही, मग?" असं म्हटल्यावर मात्र त्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच लेकीला जवळ बसवून सांगितलं. लेक आधी रडली, मग चिडली, "एवढे दिवस मी तुला किती बोलले, उत्तर का देत नाहीस म्हणून!" आणि मग पुन्हा रडली. आतल्या खोलीचं कुणी पुन्हा काढलंच नाही. कंडक्टरबाईंनीच एका रविवारी आपली पलंगपोसाची पेटी कोपऱ्यात सरकवली आणि मुलाला म्हणाल्या, "दिवाण उचल. एकट्यानं उचलला जाणार नाही तो, बायकोला हात लावू देऊ नकोस, पोस्टमनना बोलाव." पहिल्या रात्री त्यांना झोप लागली नाही. विहीणबाई घोरत होत्या. ते त्यांना स्वतःला थोडंच ऐकू येणार!

कानाच्या डॉक्टरांनी उजव्या कानाला यंत्र दिलं. ते लावून विहीणबाई बागेत आल्या, आणि कंडक्टरबाईंनी नेहमीसारखी पोस्टमनना हाक मारताच त्यांनी दचकून कान दाबला. "अगबाई! तुम्ही एवढ्या ओरडता?"

पोस्टमन त्या दिवशी पोट धरून हसले.

पुतळा धातूत ओतून तयार झाला आणि फाटकाशी बसला तेव्हा लोक बघायला आले. कुणी म्हणालं छान, कुणी म्हणालं ही कोण, कुणी म्हणालं नुसती बसलीय काय, हातात फावडं तरी द्यायचं. विहीणबाईंना इतकी लाज वाटली की त्या मागच्या फाटकानंच येऊ-जाऊ लागल्या. कंडक्टरबाई मात्र एकदा गर्दी नसताना पुढे गेल्या आणि पुतळ्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहून बघून आल्या. कान चांगला झाला होता. त्यांनी केलेल्या कानापेक्षा फारच चांगला. ते त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं.

नव्या हंगामाचे वाफे वाटायची वेळ आली. सगळे नळापाशी जमले. विहीणबाईंचं वेगळं नाव घ्यायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. त्यांची बादली कंडक्टरबाईंच्या वाफ्याशीच असायची.

"मला वेगळा वाफा हवा," विहीणबाई म्हणाल्या.

कंडक्टरबाईंना ऐकू आलं, तरी त्यांनी विचारलं, "काय?"

"माझा वेगळा. भिंतीकडचा मोकळा आहे ना, तो."

क्षणभर बाईंचा चेहरा उतरला. एवढं सगळं झालं, खोली दिली, डॉक्टरकडे नेलं, आणि आता यांना वेगळं व्हायचंय. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. पण समोर विहीणबाई उभ्या होत्या, ताठ, थोड्या घाबरलेल्या, एखादी पोरगी पहिल्यांदाच एकटी बाजाराला निघाल्यासारख्या.

"भिंतीकडची जमीन कडक आहे," कंडक्टरबाई म्हणाल्या. "उकरून देते."

दोन दिवस लागून त्यांनी तो वाफा उकरला, खडे वेचले, खत मिसळलं. मग विहीणबाई बियांची पुडी घेऊन आल्या. घेवडा. पदर खोचून वाफ्याच्या कडेला बसल्या आणि बोटानं भोकं पाडून बी टाकू लागल्या. भोकं अगदी जवळ जवळ, एकाला एक चिकटून. उगवतील तेव्हा एकमेकांच्या अंगावर चढतील.

कंडक्टरबाई बघत होत्या. त्यांना राहवेना. "विहीणबाई, अंतर..."

"ऐकू येतंय मला," विहीणबाई मान वर न करता म्हणाल्या. "पण सांगू नका. चुकू दे मला."

पाय दुखत होते म्हणून कंडक्टरबाई शेजारच्या वाफ्याच्या बांधावर टेकल्या. विहीणबाईंनी पुडीतलं शेवटचं बी पेरलं, वर माती ओढली आणि तळहातानं हलकं थापटलं. मग झारी उचलली आणि जरा विचार करून थोडंसंच पाणी घातलं.